ऑइल बदलायचं ते डिझेलच्या वहीवरून

जुन्या ट्रकच्या ऑइलबद्दल सोलापुरात कुणालाही विचारा. अक्कलकोट रोडच्या गॅरेजात विचारा, नाहीतर मार्केट यार्डाबाहेर कांद्याची गाडी लावून बसलेल्या ड्रायव्हरला विचारा. उत्तरं ठरलेली असतात. 'दहा हजार झाले की बदला.' 'काळं पडलं की बदला.' 'गाडी जुनी झाली ना, मग आता जाड ऑइल घाला.' पहिलं उत्तर काही गाड्यांना बरोबर बसतं आणि काहींना पार बुडवतं. दुसरं चुकीचंच आहे. तिसरं ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून तेच जास्त महागात पडतं. बरोबर उत्तर मालकाच्या डिझेलच्या वहीत असतं, म्हणजे गाडीत किती डिझेल भरलं ते लिहितात त्या वहीत.

जुना ट्रक म्हणजे इथे कोणता, ते आधी ठरवून घेऊ. टाटाची १६१३, ११०९, ४०७, लेलँडच्या हिनो इंजिनाच्या गाड्या, जुनी आयशर. थोडक्यात, ज्यांचा डिझेल पंप यांत्रिक आहे आणि ज्यांच्या सायलेन्सरला काजळी अडवणारी जाळी म्हणजे डीपीएफ नाही, त्या सगळ्या. यातल्या बऱ्याच गाड्यांची इंजिनं एकदा तरी बांधून, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त करून झालेली असतात. (टाटाच्या ६९७ इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. ४०७ मधलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. पण बांधताना बोअर वाढवला असेल, तर नावावर जाऊ नका.) धुराच्या नव्या नियमांच्या, म्हणजे बीएस-६ गाड्यांचा हिशेब वेगळा, तो इथे नाही.

काळं पडणं हे ऑइलचं कामच आहे

इंजिनात ऑइल फक्त घर्षण कमी करत नाही. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता तेच ओढून घेतं. डिझेल जळताना जी काजळी आणि जे आम्ल तयार होतं, त्यातला काही भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या टाकीत उतरतो. ती काजळी ऑइलमधली रसायनं कण-कण वेगळी धरून ठेवतात, म्हणजे ती गोळा होऊन गाळ बनत नाही. आम्ल मारायला ऑइलमध्ये अल्कली असते. डब्याच्या माहितीपत्रकात तिचा आकडा टीबीएन या नावाने देतात.

म्हणून डिझेल इंजिनात नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्येच काळं होतं. ते काळं झालं म्हणजे काजळी ऑइलमध्ये आहे, भिंतीला चिकटलेली नाही. उलट जुन्या इंजिनात दोन-तीन हजार किलोमीटरनंतरही ऑइल सोनेरी दिसत असेल, तर मला शंका येईल: गाडी उभी होती का, की डब्यात भलतंच काही होतं?

मुळात तेल सहजासहजी संपत नाही. संपतात ती त्यात मिसळलेली रसायनं. त्यांना संपवणारी मंडळी म्हणजे काजळी, आम्ल, गळून आलेलं डिझेल, धूळ, पाणी आणि जास्तीची उष्णता. यातला आम्ल हा शत्रू गेल्या पंचवीस वर्षांत बराच थकलाय, आणि ही गोष्ट फार थोड्या मालकांच्या लक्षात आली आहे. २००० साली देशभर डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा २,५०० पीपीएम होती, म्हणजे दहा लाख भागांत अडीच हजार. त्याच्याही आधी ती चौपट, एक टक्का होती. बीएस-४ डिझेल २०१७ मध्ये देशभर आलं तेव्हा ती ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून १० वर. गंधक जळून आम्ल होतं. गंधकच एवढं कमी झालं, तर ते आम्लही कमीच होणार. जुन्या मिस्त्र्यांनी ऑइल लवकर बदलायची सवय लावली ती त्या गंधकाच्या काळात, आणि तेव्हा ती बरोबरच होती.

मग आता अंतर वाढवायला काय हरकत आहे? हरकत अशी, की बाकीचे शत्रू जागेवरच आहेत. रिंगा घासल्या की काजळी वाढते, डिझेल फवारणारे नोझल गळायला लागले की डिझेल खाली उतरतं, आणि धूळ तर आपल्याकडे रस्त्यावर फुकट मिळते. जुन्या गाडीत ऑइल किती टिकणार हे आता गंधकावर ठरत नाही, इंजिनाच्या तब्येतीवर आणि कामावर ठरतं.

डब्यावरची दोन ओळखपत्रं

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. एक जाडी: १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. दुसरी दर्जा: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४. बाकी डब्यावरचा सिंह, घोडा, ट्रक आणि सोनेरी अक्षरं शोभेला असतात.

जाडीपासून सुरू करू. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. १५डब्ल्यू ऑइल उणे २५ अंशांतही पंपाला खेचता येतं, २०डब्ल्यू उणे २० पर्यंत. सोलापूरकराला हे वाचून हसू येईल. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा बारा-पंधराच्या आसपास असतो. तरीही तो आकडा अगदीच निरुपयोगी नाही. पहाटे पाचला स्टार्टर मारल्यावर ऑइल चेंबरमधून वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात धातू धातूवर घासतो. तिथे १५डब्ल्यू थोडं लवकर पोचतं. पण २०डब्ल्यू-४० घातलं म्हणून सोलापुरात इंजिन बिघडणार नाही.

दुसरा आकडा गरम इंजिनातला. १०० अंशांवर ऑइल किती घट्ट राहतं ते तो सांगतो. ४० या वर्गात ही घट्टता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, ५० मध्ये १६.३ ते २१.९. म्हणजे १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० गरम झाल्यावर एकाच पट्ट्यात असतात.

इथेच उन्हाळ्याचा मुद्दा येतो. 'सोलापूरचं ऊन बघा, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, इथे पातळ ऑइल चालणार नाही.' ऐकायला पटतं. पण ऑइलला बाहेरचं ऊन लागत नाही, इंजिनातली उष्णता लागते. इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर डिसेंबर असो की मे. रेडिएटर उसाच्या पाचटाने आणि किड्यांनी चोंदलेला नसेल, फॅनचा बेल्ट ढिला नसेल आणि पाणी पुरेसं असेल, तर मे महिन्यासाठी वेगळ्या ऑइलची गरज नाही. गाडी तुळजापूरच्या घाटात तापत असेल तर ऑइलचा डबा बदलण्याआधी रेडिएटर उतरवून धुवा.

आता दर्जा. 'सी' हे डिझेल गाड्यांच्या ऑइलचं अक्षर, आणि '४' म्हणजे चार स्ट्रोकचं इंजिन. मधलं अक्षर जितकं पुढचं तितकी परीक्षा नवी. सीएफ-४ चा दर्जा १९९० मधला आहे. सीएच-४ आला १९९८ मध्ये, सीआय-४ २००२ मध्ये आणि सीके-४ २०१६ च्या डिसेंबरात. प्रत्येक पुढचा दर्जा काजळी धरून ठेवण्यात आणि झीज रोखण्यात मागच्यापेक्षा कडक आहे, आणि मागच्याच्या जागी चालतो. तुमच्या १६१३ च्या पुस्तकात सीएफ-४ लिहिलं असेल तरी सीआय-४ बिनधास्त घाला. उलटं करू नका.

सीके-४ घालावं का? चालतं, पण त्यातली एक अट, राख एक टक्क्याच्या आत ठेवण्याची, डीपीएफ वाचवण्यासाठी आहे. ज्या गाडीला डीपीएफच नाही तिच्यासाठी त्याचे जादा पैसे कशाला मोजायचे? माझं मत विचाराल तर सोलापुरातल्या बहुतेक जुन्या ट्रकना १५डब्ल्यू-४०, सीआय-४ हे पुरेसं आणि परवडणारं ऑइल आहे. ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, व्हॅल्व्होलिन, जे तुमच्या पंपावर नाहीतर ओळखीच्या दुकानात सीलबंद आणि बिलासकट मिळतं, ते घ्या. टॉप-अपला दुसऱ्या ब्रँडचं पण त्याच जाडीचं आणि दर्जाचं ऑइल पडलं म्हणून काही फाटत नाही. ड्रममधून सुटं मोजून दिलेलं ऑइल मात्र नको. त्या ड्रममध्ये आधी काय होतं हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला एक भोक पाडा. बनावट ऑइलवाल्यांना असे अखंड डबेच लागतात.

जाड ऑइलचा मोह

जुन्या इंजिनाची तक्रार बहुधा अशी असते: ऑइल खातंय, निळा धूर मारतंय, गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा खाली येतोय. मिस्त्री म्हणतो, 'मालक, वीस-पन्नास घालू.' घातल्यावर काटा वर येतो, धूर जरा कमी होतो, मालक खूश.

काटा का वर आला, ते बघा. बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा फिरता दांडा) यांच्यातली फट झिजून वाढली होती, त्यातून ऑइल भराभर निसटत होतं, म्हणून दाब कमी. घट्ट ऑइल त्या फटीतून हळू निसटतं, म्हणून दाब वाढला. पण दाब वाढला म्हणजे प्रवाह वाढला असं नाही. बेअरिंगला फिरतं ऑइल लागतं. ते उष्णता वाहून नेतं आणि मधला थर टिकवतं. घट्ट ऑइल सकाळी वर पोचायला जास्त वेळ घेतं, थंड असताना फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑइल पुढे जाऊ शकतं, आणि इंजिनाला ते ढवळायला थोडं जास्त डिझेल जाळावं लागतं. टर्बो असेल तर त्याच्या बारीक बेअरिंगला हे आणखी जड जातं.

धुराचंही तसंच. निळा धूर गाडी ओढताना येत असेल तर संशय रिंगांवर आणि लाइनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर. ऑइल खरवडून खाली नेणारी रिंग कार्बनने खाचेत अडकली असेल, तर तिला जाड ऑइल सोडवत नाही, उलट नवा कार्बन देतं. सकाळी चालू करताना भपकन निळा धूर येऊन मग थांबत असेल, तर व्हॉल्व्ह गाइडकडे बघा. आणि धूर अजिबात नाही तरी ऑइल कमी होतंय, तर गाडी रात्री जिथे उभी असते ती जमीन बघा.

किती खाणं म्हणजे जास्त? याचं मोजमाप सोपं आहे. चारचा ॲव्हरेज देणारी, म्हणजे लिटरला चार किलोमीटर जाणारी गाडी हजार किलोमीटरला अडीचशे लिटर डिझेल पिते. तेवढ्यात एक लिटर ऑइल गेलं तर ते डिझेलच्या ०.४ टक्के झालं. जुन्या इंजिनाला हे मी चालवून घेईन. दोन लिटरच्या वर गेलं आणि गळती सापडत नसेल, तर ब्रीदरच्या, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपापाशी हात धरा. तिथून धूर आणि हवा जोरात मारत असेल, म्हणजेच बॅक कंप्रेशन असेल, तर इंजिनाचं काम निघालंय. अशा वेळी साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत दोन महिने ओढायचे म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं, तर मी हरकत घेणार नाही. फक्त ते इंजिन बरं झालंय असं समजू नका.

एक गैरसमज इथेच मोडायला हवा. 'आमची गाडी इतकं ऑइल खाते, की टॉप-अप करता करता आपोआपच सगळं नवं होतं, बदलायचं कशाला?' टॉप-अपने थोडी नवी रसायनं आत जातात, हे खरं. पण इंजिन तेल जाळतं; माती, लोखंडाचा चुरा आणि काजळी जाळत नाही. ती चेंबरमध्ये साठतच राहते. आणि फिल्टर तर तोच जुना.

किलोमीटर कुठे फसवतं

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करा. दोन्ही सारख्याच, १६१३. एक पुणे–हैदराबाद महामार्गावर माल नेते. सोलापुरातून पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. समजा ती दिवसाला चारशे किलोमीटर धावते, इंजिन साधारण दहा तास चालू आणि डिझेल शंभर लिटर. दुसरी क्रशरवर खडी आणि मुरूम वाहते. दिवसाला ऐंशीच किलोमीटर, पण इंजिन आठ तास चालू, कारण भरायला थांबा, रिकामं करायला थांबा, हायड्रॉलिक उचला. डिझेल पस्तीस लिटर.

दहा हजार किलोमीटरवर ऑइल बदलायचं म्हटलं तर महामार्गावरची गाडी पंचवीस दिवसांत गॅरेजला येते. तोवर इंजिन २५० तास चाललेलं असतं आणि २,५०० लिटर डिझेल जळलेलं असतं. क्रशरवरची गाडी यायला १२५ दिवस लागतात. तोवर तिचं इंजिन १,००० तास चाललेलं असतं आणि जवळपास ४,४०० लिटर डिझेल जळलेलं असतं, तेही धुळीत. मीटरवर आकडा दोघींचा एकच.

ट्रॅक्टर आणि जेसीबीवाले तासांवर ऑइल बदलतात, २५० तास हा त्यांचा नेहमीचा आकडा. ट्रकला तासांचं मीटर नसतं. अंदाजाने काही जण इंजिनाचा एक उभा तास म्हणजे चाळीस किलोमीटर धरतात, तेही वाईट नाही. पण प्रत्येक मालकाकडे याहून चांगली गोष्ट आधीपासून आहे: डिझेलची वही. काजळी, आम्ल, उष्णता, सगळं जळलेल्या डिझेलच्या प्रमाणात तयार होतं. गाडी ओझ्याखाली चढावर असेल तर डिझेल जास्त जातं आणि ऑइलवरचा भारही तेवढाच जास्त. उभी असेल तर दोन्ही कमी. मोठ्या इंजिनांच्या कंपन्याही ऑइलचं अंतर ठरवताना डिझेलचा खप बघतात.

हिशेब असा करायचा. गाडीच्या पुस्तकात ऑइल बदलण्याचं जे अंतर दिलंय, त्याला तुमच्या गाडीच्या महामार्गावरच्या चांगल्या ॲव्हरेजने भागा. १०,००० भागिले ४, म्हणजे २,५०० लिटर. पुस्तक हरवलं असेल तर दहा हजारच धरून चला. मग ऑइल बदललं त्या दिवशी वहीत लाल रेघ मारा आणि तिथून डिझेलची बेरीज सुरू करा. २,५०० भरलं की गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घ्या, मीटर काहीही म्हणो. क्रशरवरच्या गाडीला हा आकडा ७१–७२ दिवसांत, म्हणजे ५,७०० किलोमीटरच्या आसपास भरेल.

यात दोन दुरुस्त्या. इंजिनात बॅक कंप्रेशन असेल, नोझल धूर मारत असतील किंवा काम सगळं धुळीतलं असेल, तर आकडा पाव ते एक तृतीयांशाने खाली आणा. आणि गाडी कितीही कमी चालली तरी वर्षातून एकदा ऑइल बदलायचंच, कारण आतल्या ओलाव्याला डिझेलच्या वहीशी देणंघेणं नसतं. महामार्गावरची गाडी तब्येतीने चांगली असेल आणि तुम्हाला अंतर वाढवायचं असेल, तर आधी ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. अहवालात लोखंड वाढलेलं दिसलं तर लाइनर आणि रिंगांची झीज, तांबं किंवा शिसं दिसलं तर बेअरिंग, सोडियम दिसलं तर बहुधा रेडिएटरमधलं कूलंट आत उतरलंय, आणि सिलिकॉन दिसलं तर माती. एकच अहवाल फारसं सांगत नाही. दोन-तीन वेळचे आकडे शेजारी ठेवले की कळतं.

उसाच्या गाड्यांचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं. फडातून बाहेर पडताना पहिल्या गिअरवर काळ्या मातीतून ओढ, मग वीस-तीस किलोमीटर रस्ता, मग कारखान्याच्या यार्डात नंबर. गव्हाणीपर्यंत, म्हणजे ऊस टाकायच्या जागेपर्यंत पोचायला कधी अख्खी रात्र जाते आणि ड्रायव्हर दर वेळी चार फूट पुढे घ्यायला इंजिन चालूच ठेवतो. उभ्या इंजिनात सिलिंडर पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि न जळलेलं भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. म्हणून उभ्या तासांत वही दाखवते त्यापेक्षा ऑइलचं नुकसान थोडं जास्तच होतं. रांग हलत नसेल तर इंजिन बंद करा. स्टार्टर झिजतो म्हणून ड्रायव्हर कुरकुर करतील. पण अख्ख्या इंजिनापुढे स्टार्टरचा खर्च किरकोळ आहे.

धूळ आत शिरते कुठून

सोलापूरच्या गाड्यांचा मोठा शत्रू कोण, असं विचारलं तर मी आधी धूळ म्हणेन. मातीतली सिलिका लोखंडापेक्षा कठीण असते. ती हवेबरोबर आत गेली की लाइनर आणि रिंगा यांच्यामध्ये पॉलिश पेपर लावल्यासारखं काम करते आणि मग ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते. ऑइल कितीही भारी घाला, त्याला हे थांबवता येत नाही. हे थांबवायचं काम एअर फिल्टरचं.

फिल्टरनंतरचा, इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडा आणि आत पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर मातीचा रंग आला तर इंजिन माती खातंय, मग बाहेरून फिल्टर कितीही चकचकीत दिसो. पाइपाची चीर, ढिली क्लिप, फिल्टरच्या टोकाचं दबलेलं रबर, यातलं काहीतरी सापडेल. कागदी फिल्टर टायरवर आपटून साफ करायची सवय सोडा. घडी फाटते आणि फाटलेली दिसत नाही. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. फार जुन्या गाड्यांवर ऑइल-बाथ एअर क्लीनर असतो, म्हणजे वाटीतल्या ऑइलमध्ये धूळ पकडणारा; क्रशरच्या किंवा फडाच्या कामात त्याच्या वाटीतला चिखल आठवड्याला बघा. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरलं तर इंजिन ते ओढून घेतं, तेही विसरू नका.

डिपस्टिक आणि कागद

ड्रायव्हरला रोज सकाळी, गाडी सपाटीवर असताना आणि इंजिन चालू करण्याआधी डिपस्टिक बघायला लावा. पातळी कमी झाली की सगळ्यांना कळतं. वाढली की कुणी काळजी करत नाही, आणि तीच जास्त वाईट बातमी असते. ऑइल आपोआप वाढत नाही. वाढलं म्हणजे डिझेल किंवा पाणी मिसळतंय. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घोळवून वास घ्या. डिझेलचा वास आणि पाण्यासारखं पातळ लागलं तर नोझल आणि पंप बघा. दुधी रंग दिसला तर हेड गॅसकेट नाहीतर ऑइल कूलर, आणि मग गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नका.

दुसरी चाचणी कागदाची. इंजिन गरम असताना डिपस्टिकवरचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडा. कागद खालून कशाला टेकू देऊ नका आणि काही तास आडवा राहू द्या. मधला काळा ठिपका बाहेरच्या दिशेने हळूहळू फिकट होत पसरला असेल, तर ऑइल अजून काजळी धरून आहे. मध्ये डांबरासारखा घट्ट काळा गोल, त्याची कड रेखीव आणि भोवती एकदम फिकट तेल असेल, तर काजळी गोळा व्हायला लागली आहे. वहीत आकडा भरला नसला तरी बदला. अगदी बाहेर रुंद, स्वच्छ, पिवळसर कडं दिसलं तर डिझेल. कड करवतीसारखी दातेरी आली तर पाणी. एकट्या कागदावरून निर्णय अवघड जातो. दर पाचशे लिटर डिझेलला एक ठिपका घ्या, त्यावर तारीख आणि डिझेलचा आकडा लिहा आणि वहीतच चिकटवा. तीन-चार ठिपके शेजारी आले की आपल्या गाडीचा स्वभाव कळायला लागतो.

बदलताना

ऑइल गरम असताना सोडा, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर उतरतो. ड्रेन प्लगचा तांब्याचा वायसर नवा टाका. फिल्टर दर वेळी बदला. ऑइल नवं आणि फिल्टर जुना ही काटकसर कुणी कशी काढली, देव जाणे. उभ्या फिल्टरमध्ये बसवण्याआधी ऑइल भरून घ्या. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नका. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि सील गळायला लागतात. चालू केल्यावर प्रेशरचा काटा वर येईपर्यंत ॲक्सिलेटर दाबू नका.

चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन फिरवून 'धुवायची' पद्धत आपल्याकडे अजून आहे. बेअरिंगला तेवढा वेळ डिझेलवर चालवणं हा सरळ छळ आहे, आणि ते सगळं डिझेल बाहेरही येत नाही. वर्षानुवर्षं हलक्या ऑइलवर चाललेली, आत गाळ साठलेली गाडी विकत घेतली असेल, तर चांगल्या सीआय-४ वर आणताना पहिलं ऑइल पाचशे-सातशे लिटर डिझेलनंतरच फिल्टरसकट बदला. नवं ऑइल जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. दुसऱ्या खेपेपासून नेहमीचा हिशेब.

काढलेलं जळकं ऑइल इथे सर्रास सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला जातं, नाहीतर गॅरेजमागच्या नाल्यात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. वीस-पंचवीस गाड्यांचं ऑइल एका ड्रममध्ये साठवलं तर घेणारा येतो आणि पैसेही देतो. एकट्या मालकाने आपल्या गॅरेजवाल्याला तेवढं विचारून ठेवावं.

कारखान्याचा पट्टा पडल्यावर ज्या उसाच्या गाड्या दिवाळीपर्यंत उभ्या राहतात, त्यांचं ऑइल उभी करण्याआधी बदला, पुन्हा काढताना नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा पावसाळाभर बेअरिंगवर बसून राहतो. आणि दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करण्यापेक्षा महिन्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. इंजिन पूर्ण तापलं तरच आतलं पाणी उडून जातं.